आई काय करायच्या?

चौथ्या घराच्या बाथरूममध्ये ती गुडघ्यांवर बसली आणि तिने जाळीला नाक लावलं, तेव्हा एजंट दोन पावलं मागे सरकला. घर बघायला आलेली माणसं खिडक्या उघडतात, नळ सोडून बघतात, फार तर भिंतीवर टिचक्या मारतात. ही बाई जमिनीवर ओणवी होऊन गटाराचा वास घेत होती, आणि तोही चांगला लांब श्वास ओढून.

"मॅडम, काय आहे तिथे?"

"काही नाही, हेच वाईट आहे." ती हात झटकत उठली. "जाळीखाली पाणी साठलेलं असायला हवं. ते पार आटलंय. म्हणजे चार-सहा महिने इथे कोणी अंघोळ केलेली नाही, आणि खालच्या तीन मजल्यांची घाण या भोकातून वर येतेय. तुम्ही तर म्हणालात, आधीचे लोक परवाच गेले."

एजंटने खिशातून गुलाबाच्या वासाची बाटली काढली आणि बाथरूमभर फवारली. हा त्याचा नेहमीचा उद्योग होता. कुलूप उघडायच्या आधी दारात एक फवारा, स्वयंपाकघरात एक, आणि गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की जास्तीचा एक. तिने पहिल्याच दिवशी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं होतं: गुलाबराव. गटाराचा वास तिला एक वेळ परवडला असता, तो निदान खरा तरी असतो. पण गटारावर मारलेला गुलाब तिला अजिबात सोसायचा नाही. तिने तोंडावर रुमाल धरला आणि ती जिना उतरून खाली आली.

वास हा तिचा धंदाच होता. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात ती केमिस्ट होती. अकरा वर्षं तिने गावच्या केंद्रात अख्ख्या गावाची घाण बाटल्यांत भरून तपासली होती, आणि टाकीत काय बिघडलंय हे यंत्राच्या आधी तिच्या नाकाला कळायचं. आता बढती मिळून ती या मोठ्या शहरातल्या मोठ्या केंद्रात आली होती. लोकांना वाटायचं, हिला कशाची म्हणून किळस येत नसेल. खरी गोष्ट उलटी होती. टाकीतल्या घाणीची तिला कधीच किळस आली नाही, ती बिचारी टाकीतच राहते. किळस यायची ती बाहेरच्याची.

आणि या शहरात बाहेरचं काही कमी नव्हतं. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात थुंकलेलं. पहिलं घर नाल्याच्या काठावर होतं आणि गुलाबरावांनी त्याचं वर्णन 'रिव्हर व्ह्यू' असं केलं होतं. दुसऱ्या घरात ओट्याखालच्या कपाटाचं दार तिच्या बोटांना चिकटलं, इतका त्यावर जुन्या तेलाचा थर होता. बैठकीच्या भिंतीवर एक काळपट गोल डाग होता. कोणीतरी वर्षानुवर्षं तिथे तेलकट डोकं टेकून टीव्ही बघितला होता. त्या डागाकडे बघून तिच्या अंगावर जो शहारा आला, तो रस्त्यावर आल्यावरही गेला नाही. तिसऱ्या घराचा मालक काडीने दात कोरत बोलत होता. मधेच काडी बाहेर काढून तिच्याकडे बघायचा, मग परत कोरायला लागायचा. "एकट्या बाईला देत नाही आम्ही," तो म्हणाला. "आई येणार आहे," असं तिने सांगितल्यावर त्याने काडी खिडकीतून खाली टाकली आणि "बघू" म्हणाला. तिनेच बघायचं बंद केलं.

आई यायची होती, म्हणूनच तर ही सगळी वणवण. तिची एकटीची गोष्ट असती तर ती ऑफिसच्या गेस्टरूमवर सहा महिने काढून मोकळी झाली असती. आईने अठ्ठावीस वर्षं जिल्ह्याच्या हॉस्पिटलात साफसफाई केली होती आणि हॉस्पिटलच्याच आवारातल्या खोलीत लेकीला वाढवलं होतं. आता आई निवृत्त झाली होती, आणि महिनाअखेरीला खोली रिकामी करून द्यायची होती. दुसरं घर नाही, भाऊ-बहीण कोणी नाही, वडील केव्हाच गेलेले. गुडघे असे की आईला दोन पायऱ्या चढवत नाहीत. तेव्हा लिफ्ट हवी आणि घर नऊ दिवसांत हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

"मिळालं का गं?" आई रोज संध्याकाळी फोनवर विचारायची.

"बघितलं एक. वास येतो."

"तुला सगळीकडे वास येतो, बाळा. माणसं राहतात म्हटल्यावर वास येणारच." मग आई जरा थांबून विचारायची, "जाळीत पाणी ओतून बघितलंस का? कुठल्या बाजूला जातं?" उतार बघायची ही विद्या आईचीच. लेक पुढे त्यावर शिकून डिग्री घेऊन आली इतकंच.

पाचवं घर दाखवायला नेताना मात्र गुलाबरावांनी बाटली खिशातून काढलीच नाही.

"इथे लागत नाही," ते मान ताठ करून म्हणाले. "ही चांगली वस्ती आहे, मॅडम. इथे तसले लोक नाहीत."

"तसले म्हणजे?"

"तसले म्हणजे... तसलेच हो."

तिने पुढे विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात दार उघडलं आणि समोरच्या खिडकीतून झाडं दिसली. खरीखुरी झाडं, खाली बाक, बाकांवर निवांत बसलेली म्हातारी माणसं. घरात कसलाही वास नव्हता. गुलाबाचाही नाही. ती बाथरूममध्ये जाऊन गुडघ्यांवर बसली, नाक लावलं, एक तांब्या पाणी ओतलं. पाणी कुठेही न रेंगाळता सरळ जाळीकडे गेलं. ती तिथेच थोडा वेळ बसून राहिली. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घ्यावासा वाटला. खिडकीशी आईची खुर्ची कुठे ठेवायची, हेसुद्धा तिने ठरवून टाकलं.

खाली उतरताना लिफ्टमध्ये तिला पाटी दिसली. वर येताना गुलाबराव तिच्यासमोर उभे होते, म्हणून तेव्हा दिसली नव्हती. स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: 'कामवाल्या बायका, जड सामान व पाळीव प्राणी यांनी मागील लिफ्टचा वापर करावा.' तिने ती दोनदा वाचली. पाटी काही मी लावलेली नाही, असं ती स्वतःला म्हणाली, आणि आईचे गुडघे आठवून गप्प बसली.

घरमालकीण त्याच मजल्यावर समोरच्या घरात राहायच्या. साठीच्या, नीटनेटक्या, बोलायला अगदी गोड. वयाकडे बघून ती त्यांना काकू म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिला बोलावलं. त्यांच्या बैठकीत एक बाई ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. ती सोफ्यापाशी आली की काकू बोलणं न थांबवता दोन्ही पाय वर घ्यायच्या आणि ती पुढे सरकली की खाली ठेवायच्या. त्या बाईकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"घर आम्ही कोणालाही देत नाही हं," काकू म्हणाल्या. "माणसं बघून देतो. तुम्ही काय करता?"

"पाणी खात्यात केमिस्ट आहे."

हे काही नवीन नव्हतं. 'मैलापाणी' या शब्दातला मैला तिने कॉलेज संपल्यापासूनच गाळायला सुरुवात केली होती. केंद्रात पाणी गाळायला चौदा तास लागायचे, तिला अर्धा सेकंद पुरायचा.

"वा, सरकारी. छान. आणि आई? आई काय करायच्या?"

"आई हॉस्पिटलमध्ये होती."

"अय्या, सिस्टर?"

हॉस्पिटलात नात्यांची मोठी गंमत असते. तिथे कोणी कोणाचं काही लागत नाही, पण सगळे नातेवाईकच. नर्स असली की ती सिस्टर. वॉर्डबॉय असला की तो मामा. आणि फरशी पुसणारी, लघवीचं भांडं देणारी, रक्ताने भरलेल्या चादरी उचलणारी जी बाई, ती मावशी. सिस्टर आली की पेशंटचे नातेवाईक उठून उभे राहतात. मावशी आली की पाय वर घेतात. आईला अठ्ठावीस वर्षं सगळं हॉस्पिटल मावशी म्हणत होतं. लहानपणी ती आईचं बोट धरून वॉर्डात जायची, तेव्हा हाक मारणाऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्यांकडे बघून तिला प्रश्न पडायचा, हे सगळे आपले मावसभाऊ कसे?

काकू हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. फरशी पुसणारी बाई आता तिच्या पायांशी आली होती, आणि तिनेही पाय वर घेतले.

"हो," ती म्हणाली. "सिस्टर होती."

किती सोपं होतं ते. काकूंचा चेहरा खुलला. "बघा, मला वाटलंच! चालण्याबोलण्यावरूनच कळतं हो. आमच्या यांच्या पायाला जखम आहे, सहा महिने झाले भरत नाही. घरासमोर सिस्टर म्हणजे देवच पावला की! शनिवारी या, सह्या करून टाकू."

ती रस्त्यावर आली तेव्हा तिला जिभेवर काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटत होतं. तिने दुकानातून पाण्याची बाटली घेतली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून चूळ भरली. बाजूने जाणाऱ्या एका बाईने नाक मुरडून तिच्याकडे बघितलं. पाच दिवस शहराला थुंकताना बघून शिव्या घालणारी ती, सहाव्या दिवशी भर रस्त्यात थुंकत होती. स्वतःची अशी शिसारी तिला आयुष्यात आली नव्हती.

संध्याकाळी तिने आईला झाडांचं सांगितलं, लिफ्टचं सांगितलं, बाथरूमच्या उताराचंही सांगितलं. आई इतकी खूश झाली की लगेच भांडी बांधायच्या गोष्टी करू लागली. बाकीचं तिने सांगितलं नाही. शनिवारनंतर बघू, असं ठरवलं. शनिवारनंतर काय बघणार होती, ते तिला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सह्या झाल्या. काकूंनी किल्ली तिच्या हातात दिली, गोड काहीतरी खायला दिलं, आणि म्हणाल्या, "आता तुमच्या आईंशी बोलू द्या जरा. लावा की व्हिडिओ कॉल. यांची जखम त्यांना दाखवते."

"आत्ता? ती... ती झोपली असेल."

"अकरा वाजता सकाळी? लावा हो."

तिने फोन लावला. मनात नुसता धावा चालला होता, उचलू नकोस, उचलू नकोस. आईने दुसऱ्याच रिंगला उचलला. मागे बांधलेल्या भांड्यांची बोचकी दिसत होती. तिने तोंड उघडायच्या आत काकूंनी फोन ओढून घेतला.

"नमस्कार, सिस्टर! मी घरमालकीण. तुमची लेक म्हणाली, तुम्ही सिस्टर होतात म्हणून. ऐकून इतकं बरं वाटलं ना!"

तिने पडद्यावर आईचे डोळे बघितले. ते काकूंना सोडून लेकीला शोधत होते, आणि ती फोनच्या बाजूला, दिसणार नाही अशी, उभी होती. मग आईने डोक्यावरचा रुमाल सोडला, केस मागे सारले आणि बसली होती तिथेच ताठ झाली.

"नमस्कार," आई म्हणाली. आवाज वेगळा होता. सावकाश, शुद्ध, जरासा दटावणीचा. अठ्ठावीस वर्षं कानांवर पडलेला हेडसिस्टरचा आवाज. "कसे आहात? कोणाला बरं नाही?"

काकूंनी फोन आतल्या खोलीत नेला, यजमानांच्या पायाशी धरला. आईने जखम फोन जवळ घ्यायला लावून बघितली. "पावडर टाकताय ना? बंद करा," ती म्हणाली. "कडा काळ्या पडतायत. सोमवारची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. आणि शुगर तपासा." सगळं बरोबर होतं. हजारो जखमा उघडताना आणि बांधताना आई तिथेच उभी असायची, खाली पडलेला कापूस उचलायला.

"किती शांतपणे सांगता हो!" काकू बैठकीत परत येत म्हणाल्या. "आणि हाताखाली किती माणसं सांभाळलीत? त्या मावश्या वगैरे? आमची एक आहे, तिच्यावर नजर ठेवता ठेवता मी थकते. मेल्या घाणेरड्या असतात. हात धुवायचं म्हणून कळत नाही त्यांना."

काकूंची मावशी तेव्हा दारापाशी बादली पिळत होती. ती पिळतच राहिली.

तिला वाटलं, आता आई बोलेल. हात धुण्यावरून आईने शिकाऊ डॉक्टरांना हाकलून दिलेलं होतं. ओल्या फरशीवर पाय ठेवला म्हणून मोठ्या सर्जनला दारात थांबवलेलं होतं. आता आई या बाईला अशी काही सुनावेल की किल्ली परत द्यावी लागेल, आणि देवा, सुनावू देच.

"हो," आई म्हणाली. "लक्ष ठेवावं लागतं."

तिने काकूंकडून फोन घेऊन कॉल बंद केला, येते म्हणाली, चपला हातातच घेऊन बाहेर पडली. समोरच्या घराचं दार, तिचं नवीन दार, बंद होतं. लिफ्टचं बटण दाबायच्या आत फोन परत वाजला.

"आई," ती म्हणाली.

आई रागावली नव्हती, तेच वाईट होतं. ती नेहमीच्या आवाजात, घाईघाईने, जरा खाली आवाज करून विचारत होती, जसं बाजाराची यादी विचारावी. "अगं, मला आधी सांगायचंस तरी. बरं, ते जाऊ दे. मला कोणत्या वॉर्डात ठेवलंयस, तेवढं सांगून ठेव. म्हणजे तिथे आल्यावर माझ्या तोंडून भलतंसलतं काही जायला नको. बायकांच्या वॉर्डात ठेव, तिथलं मला सगळं येतं. आणि इंजेक्शन द्या म्हणाल्या तर काय करू? हात थरथरतो म्हणून सांगू का?"

तिला दिसलं ते सगळं. झाडांसमोर खुर्चीत बसलेली आई, कोणी जवळ आलं की ताठ होणारी आई, मरेपर्यंत हेडसिस्टरच्या आवाजात बोलणारी, आणि मागच्या लिफ्टने येणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलायचीही चोरी. घर वासाचं नव्हतं, खरंच नव्हतं. आता तिला कळलं की गुलाबरावांना इथे बाटली का लागली नाही. फवारा तिनेच मारला होता, आणि तो आईवर मारला होता.

"थांब, फोन ठेवू नकोस," ती म्हणाली, आणि मागे वळून तिने काकूंच्या दाराची बेल दाबली.

काकूंनी हसत दार उघडलं. "काही राहिलं का?"

"हो. आईचं काम सांगायचं राहिलं. सिस्टर नव्हती ती. मी खोटं बोलले. माझी आई मावशी होती."

काकू गोंधळल्या. "मावशी? कोणाची मावशी?"

"हॉस्पिटलची. फरशी पुसायची. अठ्ठावीस वर्षं."

काकूंच्या मागे बादलीचा आवाज थांबला. काकूंच्या नाकपुड्या आत ओढल्या गेल्या आणि ओठांची एक कड वर गेली. तो चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. आठवडाभर ती या शहरातल्या प्रत्येक दारात तोच चेहरा घेऊन फिरत होती.

"अहो, आधी सांगायचं ना," काकू शेवटी म्हणाल्या. "माझं काही नाही हो. पण बिल्डिंगमधल्या लोकांना... आणि यांची जखम दाखवली मी त्यांना..." त्यांनी पदराला हात पुसले, हातांना काही लागलेलं नसताना.

"आईने सांगितलंय ते खरं आहे. आजच डॉक्टरकडे न्या," ती म्हणाली. तिने किल्ली दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर ठेवली आणि मागच्या लिफ्टकडे चालू लागली.

फोन कानाला लावला तेव्हा पलीकडून आईचा श्वास ऐकू येत होता.

"ऐकलंस?"

"ऐकलं." आईचा आवाज आता चढलेला होता, खराखुरा, हॉस्पिटलच्या लांबच्या लांब कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. "अक्कल आहे का तुला? चार दिवस राहिलेत. भांडी बांधून बसलेय मी इथे. आता घर कुठून आणणार आहेस?"

"माहीत नाही, आई."

"माहीत नाही म्हणे!" आई घसा खाकरून म्हणाली, "आणि सांगायचंच होतं तर नीट सांगायचंस. नुसती मावशी काय सांगतेस? ऑपरेशन थिएटरची मावशी, म्हणायचं. तिथे कोणालाही घेत नाहीत."